शब्दचर्चा : सहिष्णुता की सलोखा? आणि राजाच्या देशातली 'निवडणूक सुधारणा'

मंगळवारपेठ :
आमच्याकडे राज्यशास्त्राच्या एम.ए.ला अभिरूप संसदेसारखा अभिरूप राजनैतिक संवाद ठेवलाय. देश जॉर्डन. एका बाजूला अम्मानच्या दरबाराचे प्रतिनिधी, समोर भारताचं शिष्टमंडळ. विषय दोन : धार्मिक सहिष्णुता आणि निवडणूक सुधारणा. शेवटी वाचायच्या संयुक्त निवेदनाचा मराठी मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. 'सहिष्णुता' लिहिलं की निम्मा वर्ग नाक मुरडतो, 'सलोखा' लिही म्हणतो. सरांना सलोखा म्हटलं की पोलीस ठाण्यातली शांतता कमिटीची बैठक आठवते. जाणकारांनी सांगावं.

दप्तरदार :
सहिष्णुतेत 'सह्' धातू आहे. सह् म्हणजे सोसणे. ज्याच्या अंगी सोसायची सवय तो सहिष्णु. म्हणजे या शब्दात एक सोसणारा आणि एक सोसला जाणारा असे दोघे आलेच, आणि सोसणारा बहुतेक वेळा गादीवर बसलेला असतो.

सलोख्याचं तसं नाही. जुन्या कागदांत 'सलूख' म्हणजे तह, समेट. तो एकट्याला करता येत नाही. आजचा दाखला हवा असेल तर महसूल खात्याची २०२३ची सलोखा योजना बघा. माझ्या नावची जमीन तुम्ही बारा वर्षं कसताय, तुमच्या नावची मी कसतोय, तर नाममात्र हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करून घ्यायची. दोघांच्या सह्या हव्यात. एकाने नाही म्हटलं की प्रकरण तिथंच थांबलं. योजनेला नाव देणारा कोण होता माहीत नाही, पण त्याला मराठी येत होतं.

आता कोल्हापूरचंच बघा. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र येतात त्या वर्षी इथल्या कितीतरी तालमींत गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच मांडवात बसतात. बाबूजमाल तालमीत जाऊन कुणाला विचारा, 'तुम्ही सहिष्णू आहात का हो?' समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग चहा सांगेल. तिथं कोण कुणाला सोसतंय? पंजाही त्यांचाच आणि गणपतीही त्यांचाच.

माझं मत सलोखा.

रंकाळाकाठ :
दप्तरदार काका, पंजाचं सगळं मान्य. पण तालमीचा शब्द राजाच्या निवेदनात बसेलच असं नाही. राजा जेव्हा बोलतो तेव्हा तो वरूनच बोलतो, आणि दर वेळी त्यात वाईट काही नसतं. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखायचा शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२चा निर्णय हा हुकूम होता, करवीर गॅझेटात आलेला. तो दोन बाजूंच्या सह्यांचा समेट असता तर आजतागायत झाला नसता. १९०१ला जैन बोर्डिंग, १९०६ला मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी सोसायटी, हेही महाराजांनी पुढाकार घेऊन उभं केलं. याला सलोखा म्हटलं तर त्यातला अधिकार पुसला जातो. तो राजाश्रय होता, तसाच म्हणावा.

जॉर्डनचं म्हणाल तर तिथल्या घटनेच्या दुसऱ्या कलमातच इस्लाम हा राज्याचा धर्म आहे, आणि चौदाव्या कलमात इतरांच्या उपासनेला संरक्षण. राज्याचा धर्म ठरलेला असताना इतरांना जे मिळतं त्याला सहिष्णुता हाच प्रामाणिक शब्द आहे. सलोखा लिहून आपण त्यांना फुकट बढती देतोय.

दप्तरदार :
मुद्दा बिनतोड आहे, फक्त एक भर. नोव्हेंबर २००४मध्ये जॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांनी 'अम्मान संदेश' हे इस्लामविषयीचं जे निवेदन काढलं, त्याच्या अरबीत शब्द येतो 'तसामुह'. त्या भाषेत या घडणीची रूपं बहुधा परस्परांनी करायच्या क्रियेची असतात. धातूत औदार्य आहे, मुभा देणं आहे, सोसणं नाही. आणि २०१०मध्ये त्याच राजांनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाळला जाणारा सप्ताह मराठीत 'सर्वधर्म सलोखा सप्ताह'च होतो. तिथं सहिष्णुता घालून बघा, जमत नाही.

तेव्हा ताई म्हणतात तसं कलमांविषयी लिहिताना सहिष्णुता, आणि दोन्ही शिष्टमंडळं मिळून जे करायचं म्हणतात तिथं सलोखा. एकाच निवेदनात दोन्ही राहू द्यात.

मंगळवारपेठ :
हे सरांनाही पटेल. आता दुसरा विषय. 'निवडणूक सुधारणा' सरळ आहे ना? आणि जॉर्डनच्या १९९३च्या कायद्याला मी 'एक व्यक्ती, एक मत' लिहिलंय.

प्रभागवाला :
भावा, इथंच खरी गोम आहे!

आधी ते 'एक व्यक्ती, एक मत'. आपल्याकडे हे ऐकलं की लोक टाळ्या वाजवतात. जॉर्डनमध्ये विरोधक याच नावानं बोटं मोडत होते. १९८९ला तिथं मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं द्यायची सोय होती. १९९३ला जागा तितक्याच ठेवल्या आणि मत मात्र एकच दिलं. आपल्या महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात मशीनवर अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबतो ना, त्या जागी सांगितलं की चौघे निवडून जाणार पण तुम्ही एकच बटण दाबायचं, तर तुम्ही काय कराल? भावकीतल्या माणसाचं दाबाल. पक्षाचं पॅनेल गेलं उडत. तिथंही तेच झालं, टोळ्यांचे उमेदवार वधारले आणि पक्ष मागे पडले. तिथल्या मुख्य विरोधी पक्षाने, इस्लामिक ॲक्शन फ्रंटने, १९९७, २०१० आणि २०१३च्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. २०१६ला ही पद्धत जाऊन उमेदवारांच्या यादीला मत द्यायची पद्धत आली. म्हणून घोषणेसारखं 'एक व्यक्ती, एक मत' नको. 'एकल मत पद्धत' लिही.

आता 'सुधारणा'. कायद्याच्या मराठीत 'सुधारणा अधिनियम' म्हणजे नुसती दुरुस्ती. बरी झाली की वाईट, त्याचा संबंध नाही. पेपरच्या मराठीत सुधारणा म्हणजे भलं. १९९३चा बदल पहिल्या अर्थानं सुधारणा, दुसऱ्या अर्थानं निम्म्या देशाच्या मते पीछेहाट. इंग्रज सरकारसुद्धा १९०९ आणि १९१९च्या कायद्यांना सुधारणाच म्हणायचं. १९९३साठी 'बदल' लिही. २०२२च्या कायद्यानं १३८पैकी ४१ जागा देशपातळीवरच्या पक्षयाद्यांना दिल्या, त्याला सुधारणा म्हणायला माझी हरकत नाही. २०२४ला बहिष्कारवाल्या त्याच पक्षानं ३१ जागा घेतल्या.

रंकाळाकाठ :
त्यातच 'मतदारसंघ' जपून वापरा. मराठीत हा शब्द भूभागालाही लावतात आणि मतदारांच्या गटालाही. १९०९ला मुसलमानांना मिळाले ते विभक्त मतदारसंघ, म्हणजे मतदारच वेगळे काढलेले. १९१९ला मुंबई कौन्सिलात मराठा आणि तत्सम जातींना मिळाल्या त्या ७ राखीव जागा. उमेदवार कोणत्या जातीचा ते ठरलेलं, मतदार सगळे. शाहू महाराजांच्या काळातला 'जातवार प्रतिनिधित्वा'चा वाद याच फरकाभोवती फिरत होता. जॉर्डनमधल्या ख्रिश्चनांच्या ९ जागा दुसऱ्या प्रकारच्या आहेत. तुमच्या मसुद्यात 'ख्रिश्चन मतदारसंघ' असं काही असेल तर खोडा.

मंगळवारपेठ :
होतं! खोडलं. आणि 'राजनैतिक' ठीक आहे का? एक मित्र 'राजनयिक' म्हणतोय.

दप्तरदार :
मित्र हिंदी बातम्या बघतो. हिंदीत राजनैतिक म्हणजे राजकीय, म्हणून त्यांना राजनयिक लागतो. आपल्याला राजनैतिक पुरे. 'मुत्सद्दी' मात्र माणसालाच लावा, तोही जपून. मोगलाईत सुरत बंदराच्या अधिकाऱ्याचं हे पद होतं, आज कुणाला मुत्सद्दी म्हटलं की निम्मी दाद आणि निम्मा संशय असतो.

आणि 'दरबार' ठेवलात ते बरं केलंत. अरबीत त्या कचेरीला 'दीवान' म्हणतात. तुम्ही दिवाण लिहिलंत तर कोल्हापुरात जुन्या माणसांना संस्थानचे दिवाण रघुनाथराव सबनीस आठवतील आणि नव्यांना हॉलमधला बसायचा दिवाण.

मंगळवारपेठ :
पहिलं वाक्य असं केलंय : 'उभय शिष्टमंडळांनी जॉर्डनच्या घटनेतील धार्मिक सहिष्णुतेच्या तरतुदींची नोंद घेतली, सर्वधर्म सलोख्यासाठी एकत्र काम करण्याचे ठरवले आणि १९९३नंतरच्या निवडणूक कायद्यातील बदलांवर चर्चा केली.'

प्रभागवाला :
झकास. 'उभय' काढ आणि 'दोन्ही' घाल. वाचणारा पोरगा अडखळेल.