टाइमशेअर रिसॉर्टमधले बारीकसारीक एक्स्ट्रा चार्जेस – तुम्ही काय करता?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २५ वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप आहे, म्हणजे सुरुवातीला एकदा मोठी रक्कम भरायची आणि मग दरवर्षी ठरावीक दिवस कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला भांडण नकोय, माहिती हवीये, आणि बाकीच्या कंपन्यांतही थोड्याफार फरकाने हेच चालतं असं नातेवाइकांकडून ऐकलंय. सुरुवातीला काही लाख भरले, शिवाय दरवर्षी एएसएफ म्हणजे वार्षिक फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि ती फी आपण त्या वर्षी गेलो काय न गेलो काय भरावीच लागते.

या दिवाळीत सासू-सासऱ्यांना घेऊन महाबळेश्वरच्या बाजूला गेलो होतो. जागा छान, स्टाफ नम्र, खोली स्वच्छ, त्याबद्दल काही म्हणणं नाही. चेकआऊटला बिल हातात आलं तेव्हा मात्र सगळ्यांचा मूड गेला. दर रात्रीचा युटिलिटी चार्ज (वीज, गरम पाणी वगैरेचा), रूम हीटरचं भाडं, एक्स्ट्रा गादी, ड्रायव्हरच्या झोपायच्या जागेचे वेगळे, मुलीने अॅक्टिव्हिटी रूममध्ये एक मडकं रंगवलं त्याचे २५० रुपये. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की सासऱ्यांना रात्री गोळीबरोबर कोमट पाणी लागतं, खोलीतली केटल चालत नव्हती म्हणून फोन केला, तर मुलगा लगेच थर्मास घेऊन आला, खूप छान वाटलं, आणि बिलात बघते तर रूम सर्व्हिस म्हणून ६० रुपये! केटल त्यांची बिघडलेली आणि पैसे आमचे.

साठ रुपयांनी आम्ही गरीब होत नाही. पण सासरे गाडीत बसल्यावर म्हणाले, "मला सांगायचं होतंस, मी साधं पाणी प्यायलो असतो." ते ऐकून फार वाईट वाटलं, सुट्टीला म्हातारी माणसं न्यायची ती त्यांना असं वाटायला का?

तर विचारायचं असं की हे सगळं नियमात बसतं का, तुम्ही कशाचे पैसे देता आणि कशाचे नाही म्हणता, आणि तक्रार करायची तर नेमकी कुठे?

घाटवाटा

सायलीताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मुळात आपल्या अपेक्षा वाढवल्या कोणी? मॉलमध्ये कूपन भरून घेतात, मग फोन येतो की तुम्हाला गिफ्ट लागलंय, जोडीनेच या, मग एसी हॉलमध्ये दोन तास बसवून सांगतात की आता पुढची २५ वर्षं राहण्याचा खर्च संपला, फक्त जेवायचे पैसे. युटिलिटी चार्ज हा शब्द त्या दोन तासांत कोणाच्या तोंडून निघत नाही. करारात असतो, पण तो करार आपल्याला सही करतानाच दिसतो आणि तेव्हा समोरचा माणूस पानं उलटत "इथे सही, इथे सही" करत असतो.

माझा हिशोब साधा आहे. स्पा, शेकोटी, घोडा, सायकल, मडकं रंगवणं, हे हौसेचं झालं, पैसे घ्या, फक्त आधी रेट सांगा. पण थंड हवेच्या ठिकाणी हीटर, जास्तीचं पांघरूण, प्यायचं गरम पाणी, पिण्यायोग्य साधं पाणी, हे राहण्यातच आलं. याचे वेगळे पैसे लावणं मला मान्यच नाही, भले ते दहा रुपये असोत. वाटल्यास वार्षिक फीमध्ये चारशे-पाचशे वाढवा, कोणी हूं की चूं करणार नाही, पण सुट्टीच्या शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहून माणसाला रुपया-रुपयाचा वाद घालायला लावू नका. आणि तुमच्या थर्मासचे ६० रुपये तर त्यांनी तिथल्या तिथे परत करायला हवे होते, मागितले होते का?

फ्रंटऑफिस_निवृत्त

मी बरीच वर्षं रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला आणि नंतर ऑपरेशन्सला काढली आहेत, त्यामुळे आतली बाजू सांगतो, समर्थन म्हणून नाही.

वार्षिक फी जाते इमारतीची देखभाल, पगार, कर, लिनन, फर्निचर बदलणं यात. सोसायटीत फ्लॅटला कुलूप असलं तरी मेंटेनन्स भरावा लागतोच, तसंच ते. वीज, गॅस, गरम पाणी हे मात्र जो येऊन राहील त्याच्याच वापराचं, म्हणून युटिलिटी चार्ज वेगळा ठेवतात, म्हणजे वर्षभर न आलेल्या मेंबरवर त्याचा बोजा पडत नाही. हा विचार मला अजूनही बरोबर वाटतो. प्रॉब्लेम पुढे होतो. मेंबरशिपचा पैसा एकदाच येतो, तो विकला की संपलं, आणि मग रिसॉर्टच्या मॅनेजरला दर महिन्याला विचारतात की रेस्टॉरंटचा धंदा किती, अॅक्टिव्हिटीचा किती, खोलीमागे किती. त्या आकड्यासाठी मग नवीन नवीन चार्ज निघतात. हीटरचं भाडं असंच कुठूनतरी चालू होतं, एका सीझनला चाललं की पुढच्या सीझनला तो नियम होतो.

काउंटरवरच्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही, खरंच. त्याला रुपया कमी करायचा अधिकार नसतो आणि तो बिचारा दोन्हीकडून बोलणी खातो. ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. खोलीतली वस्तू बिघडली म्हणून सेवा मागितली असेल तर ते पैसे माफ करायचा अधिकार त्याच्याकडे असतो आणि बहुतेक वेळा तो शांतपणे करतोही. अजून एक, रोज रात्री जेवण झाल्यावर रिसेप्शनवर जाऊन आत्तापर्यंतच्या बिलाचा प्रिंट मागा. कोणी नाही म्हणत नाही. चूक त्याच दिवशी सापडते, ज्याने एंट्री केली तो माणूस ड्यूटीवर असतो, त्याला आठवतं. चेकआऊटच्या सकाळी पंधरा कुटुंबं एकदम उभी असतात तेव्हा कोणालाच काही शोधायला वेळ नसतो.

तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्या वेळी ज्येष्ठांना गरम पाणी ही मागायचीसुद्धा गोष्ट नव्हती, संध्याकाळीच थर्मास खोलीत ठेवायचो.

वकील_ठाणेकर

कायद्याचं थोडक्यात लिहिते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे सगळं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येतं, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात अनुचित कराराची व्याख्या आहे, म्हणजे एकतर्फी आणि ग्राहकावर गैरवाजवी बोजा टाकणारी कलमं असतील तर त्यांना आव्हान देता येतं. पण अनुचित करार म्हणून दाद मागायची ती राज्य ग्राहक आयोगाकडे किंवा त्याच्या वर, जिल्हा आयोगात नाही. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मात्र जिल्हा आयोगात जाता येतं.

युटिलिटी चार्ज करारात स्पष्ट लिहिला असेल आणि तुम्ही सही केली असेल तर तो मुद्दा कमजोर आहे, उगाच त्यावर शक्ती घालवू नका. जे करारात नाही, बुकिंग करताना स्क्रीनवर नाही आणि थेट बिलात उगवलं, त्यावर बोट ठेवा. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत आणि त्यातला एक ड्रिप प्रायसिंग, म्हणजे किंमत आधी पूर्ण न दाखवता हळूहळू एकेक आकार पुढे आणणं. ऑनलाइन बुकिंगला हे लागू होतं, म्हणून बुकिंगच्या प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट ठेवा.

रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो द्यायची सक्ती नाही. त्याची तत्त्वं ४ जुलै २०२२ ची आहेत आणि दिल्ली हायकोर्टाने ती २८ मार्च २०२५ ला कायम ठेवली. पण पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेतले म्हणून भांडायला जाऊ नका, हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे.

तक्रारीचा क्रम असा ठेवा की आधी कंपनीला ईमेल, फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे पैसे लागत नाहीत आणि छोट्या रकमांचे वाद बऱ्याचदा तिथेच मिटतात. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं, सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मुंबईत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शनही घ्या, १९७५ पासून काम करतेय ती संस्था.

एडिसनचा_काका

आम्ही न्यू जर्सीत, इथली टाइमशेअर आहे आणि आरसीआयमधून (टाइमशेअरचे मुक्काम आपसात अदलाबदल करून देणारी कंपनी) एक्सचेंज करून ऑरलँडोला जात असतो, तर इथलं चित्र सांगतो. इथेही रडगाणं तेच आहे. पार्किंगचे रोजचे वेगळे, काही ठिकाणी रिसॉर्ट फी, रोज खोली साफ करून हवी तर त्याचे वेगळे, कारण आठवड्याच्या मुक्कामात साफसफाई मध्ये एखादवेळेस होते किंवा होतच नाही. एक्सचेंजवर आलेल्यांना जास्त लागतं, मालकांना कमी.

फरक एवढाच की बहुतेक ठिकाणी पूर्ण स्वयंपाकघर असतं, मोठा फ्रीज, ओव्हन, डिशवॉशर, कपडे धुवायचं मशीन, त्यामुळे आम्ही पोहोचलो की इंडियन ग्रोसरीत जाऊन तांदूळ, डाळ, दही घेतो आणि एकवेळचं घरीच करतो, त्यातच निम्मा खर्च वाचतो. भारतात गेल्यावर एका रिसॉर्टमध्ये किचनेट म्हणून जे दाखवलं त्यात कुकरच काय, साधा गॅसही नव्हता, त्याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

आरसीआयच्या लिस्टिंगमध्ये रिसॉर्टच्या माहितीत खाली सक्तीची फी किती ते लिहिलेलं असतं, एक्सचेंज कन्फर्म करण्याआधी ते वाचलंच पाहिजे. इथे १२ मे २०२५ पासून एफटीसीचा (इथलं सरकारी व्यापार आयोग) नियम लागू झालाय की मुक्कामाची किंमत दाखवायची तर सक्तीच्या सगळ्या फी धरून पूर्ण दाखवा. फी घेऊ नका असं तो म्हणत नाही, लपवू नका एवढंच. आणि युरोपात तर करार करण्याआधी ठरावीक नमुन्यात माहिती द्यावीच लागते, १४ दिवसांत करार रद्द करता येतो आणि तोपर्यंत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी. भारतात निदान एवढं यायला हवं, ग्राहकाला घरी जाऊन वाचायला दोन आठवडे मिळाले तर या हॉलमधल्या सह्या निम्म्या कमी होतील.

रेवा७

मला थोडं वेगळं वाटतं. दिवाळीत, मे महिन्यात त्याच रिसॉर्टची खोली बाहेरून बुक करा आणि रेट बघा, आपले युटिलिटी चार्ज त्यापुढे काहीच नाहीत. हीटरचं चुकीचंच आहे, पण खरा खर्च जेवणाचा असतो, चार माणसांचा नाश्ता-जेवण बुफे धरला तर मुक्काम फुकट आणि पोट महाग अशी गत होते. आणि ३१ डिसेंबरचं सक्तीचं गाला डिनर, म्हणजे पार्टीचं जेवण! माझी आई आठ वाजता भात-वरण खाऊन झोपणारी, तिच्या ताटाचे तेवढेच पैसे जेवढे रात्री दोनपर्यंत नाचणाऱ्याचे. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

सायली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. घाटवाटा, नाही, ते ६० रुपये मागितले नव्हते, मागे गर्दी होती आणि सासरे शेजारीच उभे होते, त्यांच्यासमोर तो विषय नको वाटला.

वकीलताईंचं वाचून काल करार काढला. युटिलिटी चार्ज आहे त्यात, रक्कम नाही, "वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे" असं आहे. हीटर आणि ड्रायव्हर कुठेच नाहीत. बुकिंगच्या ईमेलमध्येही नाहीत. मग कंपनीला ईमेल केलाय, त्यात भांडण नाही, तीनच गोष्टी मागितल्यात. हीटरचं भाडं आणि थर्मासचे पैसे परत, ड्रायव्हरच्या चार्जचा आधार काय, आणि यापुढे बुकिंग कन्फर्म करतानाच त्या रिसॉर्टचं पूर्ण रेटकार्ड, गादीपासून हीटरपर्यंत सगळं. उत्तर आलं की इथे टाकते. पंधरा दिवसांत नाही आलं तर १९१५.

रेवा, गाला डिनरचं मला माहीतच नव्हतं, आम्ही पुढच्या वर्षी नाताळात जायचं म्हणत होतो. ज्येष्ठांना त्यातून सूट मिळते का?

फ्रंटऑफिस_निवृत्त

आपोआप नाही मिळत, मागावी लागते, आणि पैसे भरायच्या आधी. २४ आणि ३१ डिसेंबर या दोन रात्रींचं कॅटरिंग आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे नोव्हेंबर संपायच्या आत थेट रिसॉर्टच्या एफअँडबी (खाणंपिणं बघणाऱ्या) मॅनेजरला लिहा, कॉल सेंटरला नको, की सत्तरीच्या पुढचे दोघं आहेत, पथ्य आहे, त्यांना त्या रात्री खोलीत साधं जेवण हवं आणि त्याचेच पैसे घ्यावेत. आमच्याकडे असं लेखी आलं तर आम्ही करायचो. आणि त्याच ईमेलमध्ये केटलचं पण लिहून टाका, चालू केटल आणि रात्रीचा थर्मास.