कोटेशन आधी बाजूला ठेवा

दादा, वडिलांच्या हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला बाहेर ढकललं जाणारं रक्त, म्हणजे ईएफ) ३० टक्के आणि नाशकातच कुणीतरी कोटेशन देऊन म्हणालं, ‘मांडीतून नळी घालून मूळपेशी (स्टेम सेल) सोडू, हृदय नवं होईल.’ नळीचं खरं आहे. नव्या हृदयाचं नाही.

पेशी हृदयाच्या धमनीत सोडल्या तर ते पाटपाणी. बहुतेक पेशी काही तासांत वाहून जातात. दुसरी तऱ्हा म्हणजे नळी डाव्या कप्प्यात नेऊन, आतून स्नायूचा नकाशा काढून, सुईने थेट स्नायूत टोचायचं. आपल्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतलं ड्रिपच म्हणा! तेही स्नायूच्या मेलेल्या डागात नाही, त्याच्या कडेच्या जिवंत भागात. तरी धडधडतं हृदय त्यातलं बरंच पिळून बाहेर टाकतं.

अशा टोचण्याची ड्रीम-एचएफ ही ५६५ रुग्णांची चाचणी २०२३ मध्ये छापून आली. हार्ट फेल्युअरने (हृदय कमजोर पडल्याने) पुन्हा पुन्हा दाखल होणं कमी व्हावं हा मुख्य हेतू होता, तो साधला नाही. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक मात्र कमी दिसले, म्हणून संशोधक अजून चिकटून आहेत.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीप्रमाणे हृदयासाठी हे फक्त चाचणीत चालतं, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोटेशन देणाऱ्यांकडे सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागून बघा.