डिस्फेजिया का डिस्फेझिया? डिक्टेशन टाइप करणाऱ्यांनो जरा सांगा

खानापूरची_वहिनी
नमस्कार. मी खानापूरची, बेळगावात एका हॉस्पिटलला डॉक्टरांची डिक्टेशनं टाइप करायला लागून चार महिने झाले. आधी वकिलांकडं होते त्यामुळं स्पीड आहे, पण हे शब्द म्हणजे डोक्याला ताप झालाय नुसता.

काल एक डिस्चार्ज समरी होती, लकव्याचा पेशंट. डॉक्टर डिस्फेजिया बोलले का डिस्फेझिया, दहा वेळा मागं घेऊन ऐकलं तरी कळेना. पहिल्यात गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलता येत नाही, आणि लकव्यात दोन्ही होतं, मग ठरवायचं कशावरून? वर दुसऱ्या एका पेशंटनं मराठीत सांगितलेलं "पित्ताचा त्रास" डॉक्टरांनी इंग्लिशच्या मधेच "हिस्ट्री ऑफ पित्त" असं ढकलून दिलं, मी सरळ ॲसिडिटी टाइप केलं, आणि रात्री अंथरुणात आठवलं की आमच्या सासूबाईंच्या अंगावर गांधी उठतात त्याला पण आम्ही पित्तच म्हणतो की!

सिनियर म्हणतात जागा मोकळी ठेवलीस तर डॉक्टर ओरडतील, अंदाजानं भर. मला ते पटेना. तुम्ही काय करता?

शहापूर_नाइटशिफ्ट
वहिनी, अंदाजानं भरू नका, सिनियर काय पण म्हणू देत. मी आधी कितीतरी वर्षं अमेरिकेच्या फायली रात्री बसून केल्यात, आता इथलं लोकल काम करालोय, दोन्हीकडं एकच. ऐकू आलं नाही तर जागा मोकळी सोडायची, बाजूला रेकॉर्डिंगचा मिनिट-सेकंद टाकायचा आणि "गिळण्याचं का बोलण्याचं?" असं एका ओळीत विचारायचं. नुसती मोकळी जागा दिसली की डॉक्टर चिडतात, कारण त्यांना सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. 2 मिनिटं 14 सेकंद असं लिहिलेलं असलं की दहा सेकंदात उत्तर देतात.

पण विचारायच्या आधी फाईल शेवटपर्यंत ऐका. पुढं नाकातली नळी, पातळ खाणं, ठसका असं आलं तर गिळण्याचं, म्हणजे स्पेलिंगमधे जी वाला (dysphagia). नुसता शब्द सापडत नाही, बोललेलं समजत नाही असं आलं तर एस वाला (dysphasia). दोन्ही आलं तर मात्र गपगुमान विचारा, तिथं हुशारी नको.

असल्या जोड्या एका वहीत लिहून ठेवा. इलियम बघा, कानाला दोन्ही सारखेच, पण मधे ई असला तर लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि आय असला तर कंबरेचं हाड. मी लक्षात कसं ठेवलं सांगू? आय पोराला कडेवर घेते त्या हाडाला आय. हसू नका, इतकी वर्षं एकदा पण चुकलं नाही. युरेटर म्हणजे किडनीतून मूत्राशयात येणारी नळी आणि युरेथ्रा मूत्राशयातून बाहेर जाणारी, खडा कुठल्या नळीत आहे हे चुकलं तर सगळा रिपोर्टच फिरला. ॲबडक्शन म्हणजे हात-पाय अंगापासून लांब नेणं, ॲडक्शन म्हणजे जवळ आणणं; त्याला चांगले हाडांचे डॉक्टर "ए-बी-डक्शन", "ए-डी-डक्शन" असं फोडून बोलतात, तुमचे बोलत नसतील तर चहाच्या वेळेला विनंती करून बघा.

डिक्शनरीत शब्द मिळत नाही म्हणजे तो नाहीच असं पण समजू नका. सोआस (कंबरेचा स्नायू), सोरायसिस (कातडीचा आजार) हे पी मधे सापडतात, झायफॉइड (छातीच्या हाडाचं खालचं टोक) एक्स मधे. आपले डॉक्टर ब्रिटिश स्पेलिंग शिकलेले, इसोफॅगस म्हणजे अन्ननलिका ओ नं सुरू करतात, अमेरिकन डिक्शनरीत ते ई ला. हॉस्पिटल जे वापरतं ते धरायचं, एका रिपोर्टात दोन्ही नको.

निपाणी_मेडिकलवाला
मी काउंटरच्या या बाजूचा, तुमचे कागद शेवटी आमच्याकडं येतात. औषधांची नावं तर अजून डेंजर ओ. हायड्रॉक्सिझीन खाजेचं, हायड्रालाझीन बीपीचं. सेलेब्रेक्स दुखण्याचं, सेलेक्सा डिप्रेशनचं, सेरेबिक्स फिटचं. डोस आणि आजार जुळतोय का बघा, नाही जुळला तर विचारा.

आकडे पण. फिफ्टीन-फिफ्टी मधे शंका आली तर "वन फाइव्ह का फाइव्ह झिरो" विचारून घ्या. अर्ध्याला पॉइंटच्या आधी शून्य पाहिजेच, 0.5, आणि पाचला 5.0 लिहायचं नाही, टिंब पुसट आलं की 50 होतंय. इन्सुलिनला युनिट पूर्ण लिहा, नुसता यू शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 होतात. अमेरिकेत हॉस्पिटलं तपासून मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं 2004 मधे असले शॉर्टफॉर्म बंदच केले, आपल्याकडं अजून यू लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात माझ्याकडं.

कॅम्पातला_पोरगा
एवढं कशाला ओ, आता सॉफ्टवेअर ऐकून आपोआप टाइप करतंय, तुम्ही नुसतं वाचून सोडायचं

शहापूर_नाइटशिफ्ट
@कॅम्पातला_पोरगा वापरतो की आम्ही पण. आमचे एक डॉक्टर वाक्य चुकलं की कन्नडमधे "बेडा, बेडा" म्हणतात, म्हणजे नको, ते खोडा. सॉफ्टवेअरनं काय केलं, पेशंटला बेड ए वर शिफ्ट केला. दोनदा 😂 बरं, ते चुकलं तरी स्पेलिंग बरोबर असतंय, लाल रेघ येत नाही, म्हणून डोळा तिथं थांबतच नाही.

आणि वहिनी, पित्ताचं राहिलंच. डॉक्टर जे बोलले ते "पित्त" असंच अवतरणात ठेवायचं आणि बाजूला प्रश्न टाकायचा. खाली गोळी कुठली दिलीय त्यावरून अंदाज येतो, पण तो अंदाज प्रश्नातच लिहायचा, रिपोर्टात नाही. डावा-उजवाचं पण तेच. वर डावा गुडघा आणि ऑपरेशनमधे उजवा आला तर आपण दुरुस्त करायचं नाही, आपल्याला कुठला पाय ते काय माहीत?

खानापूरची_वहिनी
सगळ्यांना धन्यवाद. आज दोन्ही प्रश्न रेकॉर्डिंगचा मिनिट-सेकंद टाकून डॉक्टरांना नेऊन दिले. ओरडले नाहीत, उलट बसा म्हणाले. लकव्याचं गिळण्याचंच निघालं, पेशंट नळीवर आहे, ते पुढच्या फाईलमधे होतं जी मी उघडलीच नव्हती. आणि पित्त अंगावरचं होतं, कुठल्या तरी इंजेक्शननंतर उठलेलं! डॉक्टरांनी स्वतः पेन घेऊन ॲसिडिटी खोडलं आणि ॲलर्जीच्या कॉलममधे इंजेक्शनचं नाव लिहिलं. माझे हात गार पडले होते खरं तर.

वही आजच घेतली, पहिल्या पानावर आय लिहिलंय.