खड्डा बुजायच्या आत

"दगडांचे नमुने आणून घरी जपून ठेवा, तेच खरं संवर्धन" असं कुणी लिहिलंय, ते पटलं नाही. कुठल्या थरातला हे माहीत नसेल तर तो दगड म्हणजे शोकेसमधली शोभेची वस्तू. शिवाय देवास जिल्ह्यातल्या कवडिया पहाडावर लाव्हा निवून तयार झालेल्या षटकोनी खांबांचे तुकडे असेच सगळ्यांनी उचलले तर तिथे बघायला उरणार काय? फोटो काढा, जागा नोंदवा, दगड तिथेच राहू द्या.

आणि इंदूरकरांनी दगडांचे थर बघायला पहाडच गाठायला हवा असंही नाही. इंदूरजवळच्या राऊकडे एका बिल्डिंगच्या बेसमेंटचं खोदकाम चालू होतं. जेसीबीने उभी कापलेली भिंत बघण्यासारखी होती: वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली हातभर जाडीचा विटकरी लाल पट्टा आणि खाली परत काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक थर निवला, वरून झिजून त्याची माती झाली आणि मग दुसरा लाव्हा त्यावर पसरला. तो लाल पट्टा म्हणजे मधली उसंत. बोरिंगवाल्यांनाही तो ठाऊक असतो, लाल गाळ वर आला की ते लगेच सांगतात. लिहून मात्र कुणीच ठेवत नाही. भिंतीला टेप लावून फोटो, खोली, तारीख आणि मोबाइलवरचं लोकेशन एवढं पुरे, पण आरसीसीची भिंत चढायच्या आत. सुपरवायझर सहसा नाही म्हणत नाहीत, हेल्मेट तेवढं घालायला लावतात.