लेदर कोरल मिटून बसलंय, कसं वाचवू?

रत्नागिरीकर: वादळी पावसात 14 तास लाईट नव्हती, पंप बंद, तेव्हापासून माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं छत्रीसारखं लेदर कोरल (मऊ प्रवाळ) मिटूनच बसलंय, एक पॉलिप (प्रवाळाचा बारीक फुलासारखा जीव) बाहेर नाही, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आलाय. पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.029 दाखवतोय. चार वर्षं सांभाळलंय हो, बघवत नाही. मेलं का?

मालवणची ताई: दादा घाबरू नका. हातमोजे घालून हलकंच दाबून बघा, घट्ट लागलं आणि कुजका वास नसला तर जिवंत आहे. तो पापुद्रा लेदर स्वतःच टाकतं, कधी कधी आठवडा-दोन आठवडे असंच बसतं. पंपाचा झोत थेट अंगावर नको, बाजूने पाणी खेळतं ठेवा म्हणजे साल सुटते. 1.029 मात्र जास्तच आहे. पाणी उडतं, मीठ टँकमध्येच राहतं, म्हणून भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, दोन-तीन दिवसांत हळूहळू 1.025 वर आणा, एकदम नको.

देवगडवाला: ताईंशी सहमत. कडेला तपकिरी चिकट कुजलेलं दिसलं तर तेवढं कापून टाका. समुद्राचं पाणी आत्ता अजिबात आणू नका, पावसात खाडीचा गाळ आणि गोडं पाणी मिसळलेलं असतं. बॅटरीवरचा एअर पंप घेऊनच ठेवा. आणि हे गेलं तर किनाऱ्यावरून प्रवाळ उचलायचं मनातही आणू नका, दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

रत्नागिरीकर: वास नाही, घट्ट आहे! आज 1.027 वर आलंय. सकाळी एका कडेची साल उचकटलीय, खाली पाच-सहा पॉलिप टाचणीच्या टोकाएवढे दिसतायत.