व्हिसा आवळला की परदेशी जायची चोरवाट आटते, का नुसती वळते? (चौघांचा वाद; नावं टोपणनावं)

टिळकवाडी: इराणनं 22 नोव्हेंबर 2025 पासून साध्या भारतीय पासपोर्टची व्हिसामाफी थांबवली. नोकरी देतो, पुढं दुसऱ्या देशात पोचवतो म्हणून माणसं तिथं उतरवायची आणि ओलीस धरून घरी खंडणी मागायची, असे प्रकार चालले होते. माझं मत सरळ आहे. बिनव्हिसाचं दार हेच एजंटाचं भांडवल. सर्बिया बघा. भारतीयांना 30 दिवस मोकळं जाता यायचं. तिथून हंगेरी, मग ऑस्ट्रिया. 2022 त ऑस्ट्रियात भारतीयांचे आश्रयाचे अर्ज 18 हजारांवर गेले. 1 जानेवारी 2023 पासून सर्बियानं व्हिसा लावला आणि आकडा धाडकन उतरला.

खानापूरकर: उतरला तो ऑस्ट्रियाचा आकडा. माणसं घरी बसली का? त्याच वर्षी डिसेंबरात निकाराग्वाला (तिथून पुढं अमेरिकेची चोरवाट) निघालेलं 303 जणांचं चार्टर विमान फ्रान्समध्ये व्हात्री विमानतळावर अडकलं. 276 जण मुंबईला परत आले, 25 जणांनी तिथंच आश्रय मागितला. त्याच वाटेवरच्या एल साल्वादोरनं तर त्याआधीच, ऑक्टोबरात, भारतीय प्रवाशांवर करासह 1,130 डॉलरचं शुल्क बसवलं होतं. एक ओहोळ बुजवला की पाणी दुसऱ्या बांधावरनं फुटतंय.

टिळकवाडी: फुटू दे की. वाट लांबली की दर चढतो, दर चढला की गिऱ्हाईक तुटतं.

खानापूरकर: गिऱ्हाईक तुटत नाही दादा, कर्ज वाढतं. आणि जमीन गहाण टाकून निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरनं माघारी फिरत नाही.

कोर्टगल्ली: दोघंही दारावरच भांडताय. ओढ आत आहे. 1951 च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारात आश्रयाला पाचच आधार आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. ऊस परवडत नाही, हे त्यात बसत नाही. पण अमेरिकेत अर्ज टाकून 150 दिवस झाले की कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येत होता आणि 180 दिवस भरले की परवाना मिळू शकत होता. इमिग्रेशन कोर्टात तुंबलेले खटले 30 लाखांवर. म्हणजे निकाल विरोधात जाणार असला तरी मधली कमाईची वर्षं हातात. व्हिसा कितीही आवळा, हे गणित बदलत नाही. निकाल लवकर लावा. पण विमानतळावरच दोन दिवसांत उरकायला गेलं, तर खरोखर जीव वाचवून आलेला आधी बाहेर फेकला जातो. त्याच्याकडंच कागद नसतात.

खानापूरकर: वकीलबाई, आणि सरळ वाटेचं काय? जर्मनीनं 2016 पासून पश्चिम बाल्कनच्या (सर्बिया वगैरे) सहा देशांना नुसत्या नोकरीच्या करारावर व्हिसा दिला, शिक्षणाची अट नाही. अर्ज मात्र मायदेशातूनच. आश्रयाचे अर्ज आटले.

कोर्टगल्ली: आटले, पण त्याच सुमाराला ते देश ‘सुरक्षित’ ठरवून अर्ज झटपट फेटाळायलाही सुरुवात झाली होती. श्रेय कुणाला किती, ते वेगळं काढता येत नाही.

उद्यमबाग: इकडचं, बेळगाव सीमाभागाचं बोलूया की. वेल्डर, फिटर बहुतेक आखातात जातात, आणि तिथं चोरवाट विमानतळावरनंच सुरू होते. दहावी नापास म्हणजे ईसीआर (परदेशी नोकरीला सरकारी मंजुरी लागणारा) पासपोर्ट. त्यावर ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसाला लागत नाही. म्हणून एजंट म्हणतो, “व्हिजिटवर चला, तिकडं बदलून देतो.” नाही बदलला, तर दुबईत रोज 50 दिरहम दंड. नोंदलेला करार नाही, मंजुरीवाल्याला असतो तो 10 लाखांचा विमा नाही.

लोक फसतात ते मूर्ख म्हणून नाही, सरळ वाट वाकडी आहे म्हणून. दहावी चिकोडीला आणि आयटीआय गडहिंग्लजला केलेल्या पोराचा एक कागद कर्नाटकात साक्षांकित होतो, दुसरा महाराष्ट्रात. मग परराष्ट्र खातं, मग दूतावास. अमिरात अपॉस्टिल करारात नाही, त्यामुळं एका शिक्क्यावर भागत नाही. जर्मनीचा व्हिसा काढायचा तर निपाणीकराला मुंबई चालत नाही, बेंगळुरूच.

टिळकवाडी: म्हणून व्हिजिटवाल्यांना सोडायचं का? परतीचं तिकीट, हॉटेल, पैसे तपासा आणि अडवा.

उद्यमबाग: तपासा की. परतीचं तिकीट एजंटच काढून देतो, पोरगं आत गेलं की रद्द करतो. त्यापेक्षा निघण्याआधी घरच्यांनी तीन गोष्टी मागाव्यात: ई-मायग्रेटवर दिसणारा एजंटाचा परवाना क्रमांक, मालकाच्या नावाचा एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि पावती. एजंटाच्या फीची मर्यादा 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. लाख-दीड लाख रोख मागून पावतीला टाळाटाळ करणाऱ्याचा व्हिसा कुठला आहे, ते विचारायचीही गरज नाही.