सरकारी वेबसाइटच्या सुगम्यता निवेदनात त्रुटी उघड लिहाव्यात का?

पर्वतीपायथा

पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयाची वेबसाइट नव्याने करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. साइट सुरू करण्याआधी तळाशी 'सुगम्यता निवेदन' हे पान हवं, असं बैठकीत ठरलं. दिव्यांग व्यक्तींना ही साइट कितपत वापरता येते, अडलं तर कुणाशी बोलायचं, हे सांगणारं पान.

मी दिलेल्या मसुद्यात काय चालतं आणि काय चालत नाही, दोन्ही होतं. जुन्या निविदा आणि परिपत्रकं स्कॅन करून चढवलेली आहेत, त्यामुळे स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ती कोऱ्या पानासारखी दिसतात. नकाशाचं पान माऊसशिवाय वापरता येत नाही. तक्रार अर्जाच्या कॅप्चाला (अर्ज भरणारा माणूसच आहे हे तपासायला चित्रातली अक्षरं भरायला लावतात, त्याला) आवाजाचा पर्याय नाही. फाईल वरून परत आली, तेव्हा हे सगळं खोडून एकच वाक्य उरलं होतं: 'सदर संकेतस्थळ सर्व दिव्यांग व्यक्तींसाठी पूर्णतः सुगम्य आहे.'

हे वाक्य खरं नाही, आणि सरकारी कार्यालयाने ते स्वतःच्या नावाने छापू नये असं मला मनापासून वाटतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये अशा निवेदनाचा नमुना ठरवून दिला. त्यात साइट सुगम्यतेच्या मानकांशी पूर्णतः सुसंगत, अंशतः सुसंगत किंवा सुसंगत नाही, यांतला एक पर्याय निवडायचा आणि पूर्णतः नसेल तर काय राहिलंय ते लिहायचं. ब्रिटनमध्येही त्याच वर्षीच्या नियमांनी सार्वजनिक संस्थांना हे बंधनकारक केलं. तिथली कार्यालयं 'अंशतः' लिहितात आणि कामाला लागतात. आपण का लिहू नये?

निवृत्त कक्ष अधिकारी

तुमचा हेतू चांगला आहे. पण त्या पानाखाली सही कुणाची राहणार? ज्याने स्कॅन केलेल्या फाइली चढवल्या तो बदलून गेलेला असतो, आणि आज खुर्चीत बसलेला माणूस 'आमची साइट दिव्यांगांना वापरता येत नाही' हे लेखी देतो. उद्या कुणी तो कागद जोडून चर्च रोडवर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार केली, तर उत्तर त्यालाच द्यावं लागेल. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम 89 मध्ये पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्याला 50,000 ते 5 लाख.

दुसरं म्हणजे कॅप्चा बदलणं हे काही मोठं काम नाही. त्याची त्रुटी म्हणून नोंद करण्यात जेवढा वेळ जाईल, तेवढ्यात तो बदलून होईल. आधी दुरुस्ती करा, एसटीक्यूसीचं (सरकारी साइट तपासणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं) प्रमाणपत्र घ्या, मग निवेदन टाका. तोवर ते पान नकोच. आमच्याकडे एकदा त्रुटी कागदावर आली की 'नोंद घेतली आहे' असा शेरा पडतो आणि विषय संपतो. मला भीती त्याची आहे.

पर्वतीपायथा

दंडाची भीती समजू शकतो. पण जबाबदारी या निवेदनाने निर्माण होत नाही, ती आधीपासूनच आहे. कलम 46 प्रमाणे नियम अधिसूचित झाल्यापासून 2 वर्षांत सेवा सुगम्य करायच्या होत्या. नियम आले जून 2017 मध्ये. म्हणजे मुदत जून 2019 लाच संपली. त्रुटी झाकल्याने कार्यालय सुरक्षित होत नाही. उलट 'पूर्णतः सुगम्य' असं खोटं लेखी विधान तक्रारदाराच्या हातात पडतं.

तिठा कोथरूड

मी जन्मापासून पाहू शकत नाही. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते, फोनवर टॉकबॅक. वरच्या दोघांनीही हे पान कार्यालयाच्या बाजूने पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

हौस म्हणून हे पान कुणी वाचत नाही. मी तिथे जाते ती अडकल्यावरच. एका कार्यालयाचा अर्ज भरताना सगळं नीट झालं होतं. नाव, पत्ता, कागदपत्रं, सगळं. शेवटी 'चित्रातील अक्षरे भरा' आलं. चित्र आहे एवढंच मला ऐकू येतं. निवेदन उघडलं तर लिहिलेलं, साइट पूर्णतः सुगम्य आहे. मी ते खरं मानलं. म्हणजे गडबड माझ्याकडेच असणार, असं समजून मी एनव्हीडीए पुन्हा इन्स्टॉल केलं, मराठी आवाज बदलून पाहिला, ब्राउझर बदलला. दर वेळी अर्ज पहिल्यापासून. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावलं आणि त्याच्यासमोर आधार क्रमांक, बँकेचा तपशील, ओटीपी, सगळं उघडं केलं. मुलगा चांगला आहे. पण माझी खाजगी माहिती कुणाला दाखवायची हे मी ठरवायला हवं होतं, ते त्या कॅप्चाने ठरवलं.

'कॅप्चाला आवाज नाही, या नंबरवर फोन करा' एवढं तिथे असतं, तर मी फोन केला असता. म्हणून, कक्ष अधिकारी साहेब, दुरुस्ती होईपर्यंत पानच नको हे मला मान्य नाही. अडचण आजची आहे, तर वाटही आजच सांगा. आणि पर्वतीपायथा, तुमची त्रुटींची यादीही मला अर्धीच उपयोगी आहे. निकष क्रमांक अमुक पूर्ण होत नाही, हे वाचून मी काय करू? मला तीनच गोष्टी हव्यात: कुणाशी बोलू, कागद वाचता येईल अशा रूपात किती दिवसांत मिळेल, आणि नाही मिळाला तर पुढे कुणाकडे जाऊ.

औंधचा टेस्टर

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला. फक्त निकष पूर्ण काढून टाकू नयेत, खाली ठेवावेत. पुढचा ठेकेदार दुरुस्ती त्यावरूनच करणार आहे.

'जीआयजीडब्ल्यू 3.0 नुसार' (म्हणजे सरकारी वेबसाइटसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार) असं लिहायचं असेल, तर तपासणी कुणी केली, कधी आणि कोणत्या पानांवर, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. 2023 ची ती मार्गदर्शक तत्त्वं डब्ल्यूसीएजी 2.1 या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या एए पातळीवर आधारलेली आहेत. फिकट राखाडी अक्षरं आणि मागची पार्श्वभूमी यांच्यात 4.5 ला 1 हे उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण मिळत नाही, हे स्वयंचलित साधन लगेच पकडतं. पण फोटोला जोडलेलं वर्णन त्या फोटोचंच आहे की नुसतं 'आयएमजी 0042' असं फाईलचं नाव आहे, ते माणसालाच पाहावं लागतं. वर कोपऱ्यात अक्षरं मोठी-लहान करायची बटणं लावली की साइट सुगम्य झाली, हा समज तर सगळ्यात आधी सोडा.

मराठी साइटवर हमखास राहणाऱ्या दोन गोष्टी. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते, मग स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडू पाहतो. आणि युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या पीडीएफ. डोळ्यांना त्या स्वच्छ मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवलेले असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला निरर्थक अक्षरं मिळतात. या फाइली 'स्कॅन नाहीत' म्हणून तपासणीतून सुटतात. तुमच्या मसुद्यात त्या दिसल्या नाहीत, पाहून घ्या.

मुळाकाठ

मला मात्र 'अंशतः' या शब्दाचाच धोका वाटतो. आज तीन त्रुटी लिहाल. पुढच्या वर्षी तेच पान, त्याच त्रुटी, फक्त तारीख नवी. मग इतर कार्यालयं तोच मजकूर उचलतील. 'अवाजवी बोजा' पडतो म्हणून काही भाग सोडायची सवलत युरोपच्या कायद्यातही आहे, आणि आपल्याकडे अशी फट दिसली की सगळे त्यातूनच जातील. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी प्रकरणात 2017 च्या नियमांतला नियम 15(1) अवैध ठरवला, तो याच कारणाने. मानकं सक्तीची हवीत, नुसती शिफारस पुरत नाही. 30 एप्रिल 2025 च्या निकालात तर डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. हक्क अंशतः देता येत नाही.

निवृत्त कक्ष अधिकारी

तिठा कोथरूड यांचा अनुभव वाचून 'पानच नको' हे म्हणणं मी मागे घेतो. पण फोन उचलणार कोण? 'सात दिवसांत देऊ' लिहिलं आणि त्या टेबलाला माणूसच नसला, तर ते दुसरं खोटं.

त्यासाठी नवं काही शोधायला नको. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मधली रचना उचला: पदनिर्देशित अधिकारी, मुदत, प्रथम अपील, द्वितीय अपील. व्यक्तीचं नाव टाकू नका, पदनाम टाका. बदली झाली तरी पान जुनं होत नाही. आणि मुळाकाठ म्हणतात ती भीती रास्त आहे, म्हणून प्रत्येक त्रुटीपुढे दुरुस्तीची तारीख हवीच. तारखेशिवायच्या यादीवर मी कार्यालयात असतो तर सही केली नसती.

पर्वतीपायथा

सुधारलेला मसुदा असा:

'या साइटवर अडचण आल्यास जनसंपर्क शाखेच्या अधीक्षकांना फोन किंवा ईमेल करा. अर्ज फोनवरून भरून घेतला जाईल, ओटीपी विचारला जाणार नाही. कोणताही कागद युनिकोड मजकुरात सात कामकाजी दिवसांत मिळेल. न मिळाल्यास उपसंचालकांकडे अपील करता येईल.' त्याखाली त्रुटी, प्रत्येकीपुढे तारीख, आणि तपासणीचा तपशील. जुन्या फॉन्टच्या फाइलीही यादीत घेतो. कॅप्चा मात्र यादीतून काढला, तो साइट सुरू व्हायच्या आत बदलतोय. अधीक्षकांशी बोलणं झालंय, त्या तयार आहेत. वरची मंजुरी अजून बाकी आहे.

तिठा कोथरूड

मजकूर चांगला आहे. एवढं करा, फोन नंबर फक्त तळाच्या पानात ठेवू नका. अर्जाच्या पानावर, पहिल्या रकान्याच्या आधी ठेवा. मी वरून खाली ऐकत जाते. सगळा अर्ज भरून झाल्यावर मदत कळली, तर तोवर सत्र संपलेलं असतं. आणि नंबर मजकूर म्हणून टाइप करा, चित्रात नको.